शाळेचं दप्तर : हायस्कुलात ‘पहिली’ कशी?

हायस्कूलच्या ऑफिसात उभी नोकरी केलेले आमचे निवृत्त मुख्य लिपिक वाचकांच्या शंकांना उत्तरं देतात.

प्रश्न : मुलगा सहावीत आहे. ७ नोव्हेंबरच्या विद्यार्थी दिनासाठी भाषण पाठ करताना अडला आणि मलाच विचारू लागला. बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा, साताऱ्याच्या हायस्कुलात पहिलीत नाव घातलं १९०० साली. म्हणजे नवव्या वर्षी पहिलीत? उशिरा शाळेत घातलं होतं का? आणि हायस्कुलात पहिली असते कशी? मला काही सांगता आलं नाही.
— एक पालक, बारामती

उत्तर : पोरगा हुशार आहे, त्याला भाषणापेक्षा हिशेबाचे मार्क द्या. दरवर्षी हजारो मुलं ‘पहिलीत प्रवेश घेतला’ हे वाक्य घडाघडा म्हणतात आणि पुढच्या वाक्याला लागतात.

ती पहिली म्हणजे इंग्रजी पहिली. त्या काळी मुलं आधी मराठी शाळेत चार इयत्ता करायची. ज्याला पुढे शिकायचं असेल तो मराठी चौथी करून हायस्कुलात यायचा, आणि तिथे इयत्ता पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात व्हायची. इंग्रजी पहिली म्हणजे आजची पाचवी, इंग्रजी चौथी म्हणजे आठवी, आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिकचा वर्ग. आमच्या पिढीने जी अकरावी मॅट्रिक पाहिली, ती याच हिशेबातली : चार आणि सात, अकरा. ही अकरावी १९७५ पर्यंत चालली, मग दहावी-बारावी आली. तेव्हा नऊ वर्षांचा मुलगा पाचवीच्या वर्गात आला, यात उशीर कुठला? आजच्या पाचवीतल्या मुलांपेक्षा वर्षभराने लहानच म्हणा. पुढचाही ताळा करून बघा. १९०० ला इंग्रजी पहिली, मध्ये १९०४ ला सातारा सोडून मुंबई, आणि १९०७ ला एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक पास. सात इयत्ता, सात वर्षं. गाव बदललं, शाळा बदलली, पण वर्ष फुकट गेलं नाही.

आता मूळ नोंद. जनरल रजिस्टर नंबर १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर, प्रवेशाची तारीख ७ नोव्हेंबर १९००. नोंदीसमोर मुलाची सहीही आहे. शाळेचं तेव्हाचं नाव गव्हर्न्मेंट हायस्कूल, भरायची साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यात. तीच पुढे प्रतापसिंह हायस्कूल झाली. आज ती जिल्हा परिषदेची आहे आणि ते रजिस्टर शाळेने जपून ठेवलंय. साताऱ्यातली मंडळी हा शाळाप्रवेशाचा दिवस आधीपासून साजरा करायची. सरकारने २०१७ मध्ये राज्यभरासाठी विद्यार्थी दिन जाहीर केला. मुलाच्या भाषणात एवढं एक वाक्य घाला : ‘पहिलीत’ नाही, ‘इंग्रजी पहिलीत’.

प्रश्न : सरकारी हायस्कुलात अस्पृश्य मुलाला प्रवेश मिळतो, आणि त्याच मुलाला वर्गात वेगळं बसवतात. हे एकाच शाळेत कसं चालायचं? नियम नव्हते का?
— एक शिक्षिका, कराड

उत्तर : बाई, नियम होता. त्याची कथा धारवाडपासून सुरू होते. १८५६ साली तिथल्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. नाकारला. मुलाने थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने मान डोलावली, पण एका मुलासाठी बाकीची मुलं शाळा सोडून जातील म्हणून प्रवेश काही दिला नाही. प्रकरण लंडनपर्यंत गेलं आणि १८५८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी कळवलं, की सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सगळ्या जातींना खुल्या राहतील. त्यामुळे १९०० साली रामजी सुभेदार मुलाला घेऊन राजवाड्यात गेले, तेव्हा हेडमास्तरांना नाव घालणं भागच होतं. पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार, सरकारी कागद कसा बोलतो हे त्यांना चांगलं ठाऊक.

पण नियम जनरल रजिस्टरापर्यंत पोचतो. मी जन्मभर तेच रजिस्टर लिहिलं, म्हणून सांगतो. त्यात नाव, जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, इयत्ता, वर्तणूक, शाळा सोडल्याचं कारण, शेरा, असे सगळे रकाने असतात. मूल कुठे बसतं, याचा रकाना नसतो. वर्गाच्या दाराआतलं जे काही, ते मास्तरांच्या आणि गावाच्या मर्जीवर.

साताऱ्याच्या त्या दिवसांबद्दल बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. वर्गातल्या नंबराप्रमाणे बसायची सोय नाही, एका कोपऱ्यात एकट्याने बसायचं. बसायला गोणपाटाचा तुकडा, तो घरून आणायचा आणि संध्याकाळी घरी न्यायचा, कारण शाळा झाडणारा गडी त्याला हात लावायचा नाही. तहान लागली तर इतर मुलांना मास्तरांची परवानगी पुरे, जाऊन नळ सोडायचा आणि प्यायचं. याला नळाला हात लावायची बंदी. शिपायाने येऊन नळ सोडला तरच पाणी. शिपाई नाही तर पाणी नाही, असा त्यांनी हिशेब मांडलाय.

शिपायाचं कुणी लक्षात घेत नाही, म्हणून हा मुद्दा जरा उलगडून सांगतो. हायस्कूलचा शिपाई वर्गाबाहेर स्टुलावर बसून असतो, हा गैरसमज आहे. घंटा त्याने द्यायची, नोटिशीची वही वर्गावर्गात त्याने फिरवायची, टपाल त्याचं, ट्रेझरीत जायचं त्याने, हेडमास्तरांचा निरोप घेऊन गावात जायचं त्याने. माझ्या वेळच्या ऑफिसातसुद्धा दुपारी शिपाई हवा असला की तो हमखास बाहेर गेलेला असायचा. आता त्या जागी साताऱ्याचा उन्हाळा घाला आणि एक नऊ-दहा वर्षांचं पोर घाला. पाणी नाकारलं असं कुणालाच म्हणावं लागत नाही. शिपाई कामाला गेलाय, एवढंच.

घरीही तीच तऱ्हा होती. साताऱ्यात न्हावी होते, पैसे द्यायची ऐपत होती, तरी या भावंडांचे केस कापायला कुणी तयार नसे. थोरली बहीण घरापुढच्या ओट्यावर बसवून केस कापायची.

तिथले सगळे मास्तर एका माळेचे मणी नव्हते, हेही लिहायला हवं. आंबेडकर नावाचे ब्राह्मण मास्तर मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातली भाजी-भाकरी या मुलाला द्यायचे. पेंडसे मास्तरांनी तो पावसात चिंब भिजून वर्गात आला, तेव्हा त्याला आपल्या घरी पाठवून गरम पाण्याची आणि कोरड्या कपड्याची सोय केली. या आठवणी बाबासाहेबांनी मोठेपणी मायेने सांगितल्या. मला त्यात समाधान वाटतं, पण सुख वाटत नाही. भाकरी मास्तरांच्या चांगुलपणावर आणि पाणी शिपायाच्या सवडीवर, असं शिक्षण हक्काचं कसं म्हणायचं?

मुंबईत एल्फिन्स्टनला तरी वेगळं होतं का? तेही सरकारीच हायस्कूल. एकदा मास्तरांनी गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावलं, तर मुलांची एकच पळापळ. फळ्यामागे त्यांचे डबे ठेवलेले होते. डबे बाजूला झाले, मगच फळ्याला हात लागला. याच मुलाच्या मॅट्रिकच्या सत्काराला सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. त्याच बोल्यांनी १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात. महाडच्या नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळं कागदावर खुलं केलं, आणि १९२७ च्या मार्चमध्ये लोकांना तिथे जाऊन ओंजळीने पाणी प्यावं लागलं, कारण कागद पुन्हा तळ्याच्या काठापर्यंतच पोचला होता. वर्गात शिकवताना ही साखळी जोडून दाखवा. मुलांना सनावळीचा कंटाळा असतो, नळाचा नसतो.

प्रश्न : आजोबा, त्यांचे दोन भाऊ आणि आत्या, चौघांच्याही दाखल्यावर जन्मतारीख १ जून. हे शक्य आहे का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : शक्य नाही, पण चूक काढायलाही जाऊ नका. जूनमध्ये शाळा उघडायची. बाप पोराला घेऊन यायचा, तारीख कुणाला ठाऊक नसायची. ‘मोठ्या पुराच्या साली झाला’ एवढ्यावर मास्तर पोराकडे बघून साल ठरवायचे आणि १ जून टाकून मोकळे व्हायचे. महाराष्ट्रात अर्धी जुनी पिढी त्याच दिवशी जन्मली आहे. पेन्शनच्या फायलींनी जून महिन्यात ऑफिसं कशी भरून वाहतात, ते मी पाहिलंय. आजोबांची नोंद मूळ रजिस्टरात आहे तशीच राहू द्या.

प्रश्न : पणजोबांची शाळेतली नोंद हवी आहे. कुणबी नोंदींच्या शोधात गावात सगळे याच मागे आहेत. कुठून सुरुवात करू?
— एक वाचक, जालना

उत्तर : हायस्कुलाकडे आधी जाऊ नका. पणजोबा मराठी शाळेत गेले असतील तर नोंद गावच्या जिल्हा परिषद शाळेत मिळेल. ते फायनल, म्हणजे मराठी सातवी झाले असतील, तर केंद्राच्या मोठ्या गावातली शाळाही बघा. तेव्हा वरच्या इयत्ता प्रत्येक गावात नसायच्या. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज करा आणि ‘जनरल रजिस्टरचा उतारा’ असं स्पष्ट लिहा, नुसता दाखला मागू नका. जनरल रजिस्टर कायमचं जतन करायचं असतं, रद्दीत गेलं असं कुणी सांगितलं तर तेच लेखी मागा. जुनी पानं मोडी लिपीत असली तर ती वाचणारा सोबत न्या. आणि आडनावावर अडून बसू नका. जुन्या नोंदीत कित्येकदा नाव आणि बापाचं नाव एवढंच असतं, त्यामुळे बापाच्या नावाने शोधा. शाळेत जाल तर परीक्षांचे दिवस टाळून, दुपारी तीननंतर जा. क्लार्कला तेव्हा जरा उसंत असते.