पर्वती : पायऱ्या, मंदिर आणि पुण्याचा देखावा

प्रश्न : येत्या महिन्यात आईला घेऊन पुण्याला जाणार आहे. तिचे गुडघे दुखतात, तरी पर्वती पाहायचा तिचा हट्ट आहे. चढ झेपेल का, आणि वर देवदर्शनाखेरीज पाहण्यासारखे काय आहे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : पर्वतीला 103 पायऱ्या आहेत, मात्र त्या रुंद आणि बुटक्या असल्यामुळे मध्ये टेकत टेकत चढल्यास वयस्कर माणसांनाही बहुधा त्रास होत नाही. पहाटे निघावे, कारण ऊन चढले की दगड तापतात, आणि पावसाळ्यात त्याच पायऱ्या निसरड्या होत असल्याने उतरताना आईंचा हात धरावा. गंमत अशी की, नानासाहेब पेशव्यांच्या मातोश्री काशीबाई यांच्या पायाचे दुखणे बरे व्हावे म्हणून बोललेल्या नवसातून हे देवदेवेश्वराचे मंदिर उभे राहिले, अशी आख्यायिका आहे. तेव्हा आईंचा हट्ट तसा परंपरेला धरूनच म्हणायचा. मंदिर 1749 मध्ये पूर्ण झाले. पानिपतच्या पराभवाने खचलेल्या नानासाहेबांचे 1761 च्या जून महिन्यात पर्वतीवरच निधन झाले.

दर्शनानंतर लगेच खाली उतरू नये. तटावरून पायथ्याकडे पाहिले की सारसबागेची हिरवळ दिसते. तेथे पूर्वी नानासाहेबांनी बांधवलेले तळे होते, म्हणून पाणी गेल्यानंतरही लोक तेथील गणपतीला ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. नैर्ऋत्येला, हवा स्वच्छ असेल तर, सिंहगड ओळखता येतो. वायव्येकडे मात्र जरा जास्त वेळ थांबावे, कारण 5 नोव्हेंबर 1817 रोजी त्या बाजूला खडकीची लढाई चालू असताना दुसरा बाजीराव ती येथून पाहत होता. आता इमारतींच्या गर्दीत रणांगणाचा माग काढणे कठीण आहे. पण पेशवाईचा शेवट पेशव्याने ज्या जागेवरून पाहिला, तेथे आपण उभे आहोत एवढे ध्यानात असले, तरी तो देखावा नुसता देखावा राहत नाही. याच पायऱ्या चढून मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून 1929 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाने सत्याग्रह केला होता, हेही आईंना अवश्य सांगावे. मार्गदर्शक त्याचा उल्लेख क्वचितच करतात.

पेशवे संग्रहालय वरच आहे. पायथ्यापासूनच पाण्याची बाटली सोबत ठेवावी.