नागपूरजवळच्या पांदण रस्त्यांवर चिखलात मोटरसायकल चालवायला शिकायचं आहे. १२५ सीसीची साधी गाडी आहे, नवीन घ्यावी का? सुरुवात कुठून करू?

नवीन गाडी घेऊ नका, निदान यंदाच्या पावसाळ्यात तरी. आधी पायाखालची माती ओळखायला शिका. व्हिडिओत दिसतो तो चिखल उडतो, आपल्याकडचा चिकटतो. सगळा फरक तिथेच पडतो.

माझी पहिली फजिती सांगतो. जुलै महिना, कळमेश्वरच्या पुढे मावशीच्या गावची पांदण, आणि माझी जुनी शंभर सीसीची गाडी. दोनशे मीटरही गेलो नसेन, गाडी जड वाटायला लागली. मला वाटलं पंक्चर. रेस दिली तर मागचं चाक भिरभिर फिरतंय आणि पुढचं फिरायचंच थांबलंय. टायर आणि मडगार्डच्या मधे काळी माती अशी गच्च बसली होती की पुढचं चाक नुसतं ओढलं जात होतं. मग काय, आडवा. शेजारच्या वावरातून एक काका आले. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. "काहून जी, पाणी उघडल्यावर दोन दिस तं थांबाचं," एवढंच म्हणाले आणि माझ्यासोबत अर्धा तास काडीने माती कोरत बसले.

त्या दोन दिवसांत सगळं आलं. कापसाच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पाणी पिऊन ते फुगतं, वाळलं की आकसतं. उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. कणीक मळताना बघा: पाणी जास्त झालं तर हातावरून ओघळते, कोरडी असली तर सुटून पडते, मधल्या अवस्थेत बोटं सोडत नाही. पांदणही तशीच वागते. धो धो पावसात ती निसरडी होते, पण चाक फिरतं. पाऊस थांबून माती अर्धवट सुकायला लागली की चाक जाम होतं. नवख्याने म्हणून दोन-तीन दिवस चांगलं ऊन पडू द्यावं आणि मग निघावं. वरचा थर आवळलेला, चाकोरीत थोडं पाणी, एवढा चिखल शिकायला भरपूर झाला.

आता कुठे जायचं. दख्खनच्या काळ्या खडकाची पूर्वेकडची हद्द नागपूरच्या आसपासच येते. काटोल, कळमेश्वर, हिंगण्याकडे हा खडक आणि त्याच्यापासून झालेली काळी माती. पण त्याच भागात चढावर बरड जमीन असते, पातळ मातीखाली लगेच मुरूम. तुमची सुरुवात या बरडावर होऊ द्या. पाऊस पडून गेल्यावर मुरूम लवकर निथळतो आणि चाकाला पकड देतो. सखल भागातली भारी जमीन, नाल्याकाठची पांदण, हे पुढच्या वर्षी. रामटेक, मौद्याकडे धानाचा पट्टा आहे. तिथे बांध्यांत मुद्दाम पाणी साठवलेलं असतं, त्यामुळे तिकडे गाडी रस्त्यावरच बरी.

गाडीचं म्हणाल तर एक्सपल्स २०० सारख्या कच्च्या रस्त्यांसाठीच बनवलेल्या गाडीला पुढे २१ इंची चाक आणि जमिनीपासून २२० मिलिमीटर उंची मिळते. त्याचा फायदा आहेच. पण शिकताना तुम्ही दहादा पडणार, आणि दहादा उचलायला हलकी गाडी लागते. शिवाय आपल्या जुन्या गाडीवर ओरखडा पडला तर जीव जळत नाही.

तिच्यात दोन-तीन गोष्टी करून घ्या. पुढचं मडगार्ड काढता येत असेल तर काढा, नाहीतर मेकॅनिककडून वर उचलून घ्या. फोर्क पूर्ण दबला तरी चाक त्याला लागता कामा नये, हे स्वतः दाबून बघा. टायर गुळगुळीत झाले असतील तर निदान मागचा गोट्यांचा, म्हणजे जाड उठावदार ठोकळ्यांचा, बसवा. डांबरावर आपण पंचवीस-तीस पौंड हवा ठेवतो. पांदणीला लागण्यापूर्वी अठरा-वीसवर आणा. ट्यूबचा टायर असेल तर त्याहून फार खाली जाऊ नका, टायर रिमवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो. परत येताना हवा भरायला छोटा पंप सोबत हवा. पंक्चरचं सामानही घ्या, कारण पांदण म्हटली की दोन्ही बाजूंनी बाभळी, आणि त्यांचे काटे चिखलात दिसत नाहीत.

ब्रेककडे खास लक्ष द्या. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नवीन गाड्यांना सीबीएस सक्तीचं झालं. म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो. डांबरावर हे उत्तम, चिखलात मात्र पुढचं चाक आडवं जायला तेवढंही पुरतं. म्हणून वेग आधीच कमी ठेवा आणि इंजिनाच्या ओढीनेच गाडी थांबू द्या. पहिला गियर झटके देतो, दुसरा बरा. रेस एकसारखी, क्लचवर दोन बोटं, हँडल सैल धरलेलं. पुढचं चाक जरा नाचतंच, नाचू द्या. त्याला आवळून सरळ करायला गेलात की पडलात. फूटरेस्टवर उभं राहायचं, गुडघे टाकीला टेकवायचे आणि नजर दहा-पंधरा मीटर पुढे. समोरच्या खड्ड्याकडे बघत राहिलात तर त्यातच जाणार. पाय खाली सोडून चालवायची सवय आपल्या सगळ्यांना असते, ती घोट्याला महागात पडते.

चाकोरी सोडा असं आयुष्याबद्दल कोणीही सांगतं. पांदणीवर उलट करा. बंडीच्या, ट्रॅक्टरच्या चाकांनी पाडलेली चाकोरी खाली कडक असते, एकदा तीत शिरलात की शेवटपर्यंत तीतच राहा. मधेच बाहेर काढायला गेलं की पुढचं चाक काठावर चढत नाही आणि मागचं बाजूला पळतं. बाहेर यायचंच असेल तर थांबा, उतरा, ढकला. चाकोरी इतकी खोल असेल की फूटरेस्ट घासतील, तर आत शिरूच नका.

गाडी फसली तर रेस देत बसू नका, चाक आणखी खाली जातं आणि क्लच जळल्याचा वास यायला लागतो. गाडी आडवी पाडून मागचं चाक खड्ड्यातून सोडवा आणि खाली वाळलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, टाका. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, रचलेल्या दिसतील, पण त्या कोणाच्या तरी चुलीच्या असतात, विचारून घ्या.

वावराच्या तारेला हात टेकवून गाडी सावरू नका. रानडुकरांसाठी झटका मशीन लावलेलं असतं, आणि काही जण चोरून थेट लाइनही सोडतात. बैलजोडी समोर आली तर इंजिन बंद करून कडेला उभे राहा. पेरलेल्या वावरातून गाडी नेली तर त्या पांदणीवर पुन्हा तोंड दाखवू नका, आणि दुसऱ्या पोरांचीही वाट तुम्हीच बंद केलेली असेल. पेंच, बोर, उमरेड-पवनी-कऱ्हांडला या बाजूंना जंगलातल्या रस्त्यावर परवानगीशिवाय शिरायचं नाही. उमरेडकडे वाघ वावरापर्यंत येतात, त्यामुळे दुपारी चारला तोंड घराकडे. एकटे तर जाऊच नका. नाल्याला वाहतं गढूळ पाणी असेल तर दुसरी गाडी सोबत असली तरी ओलांडू नका.

हेल्मेट, गुडघ्याचे गार्ड आणि घोटा झाकणारे बूट हवेतच. चप्पल घालून आलेल्या मित्राला घरीच ठेवा.

घरी आलात की जेवणाआधी गाडी धुवा. काळी माती वाळली की इंजिनाच्या फिन्समधून आणि चेनमधून निघता निघत नाही. वॉशिंगवाल्याला सांगा, चाकाच्या बेअरिंगवर थेट जोराचा फवारा मारू नको. चेन डिझेलने पुसून तेल द्या. आणि काढलेलं मडगार्ड परत बसवा, नाहीतर पुढच्या पावसात ऑफिसला पोहोचेपर्यंत शर्टाची अख्खी पांदण होईल.