ॲप उठत नाही? आधी लॉगचा तळ बघ

अरे, तुझं स्प्रिंग बूटचं (जावात ॲप बनवायची तयार चौकट) ॲप सुरू होत नाही म्हणून तू सातपूरहून पाठवलेला लॉग, म्हणजे ॲपने लिहिलेली नोंद, वाचला. वरच्या तीन ओळी बघूनच घाबरलास ना? नाशकात गोदावरीच्या रामकुंडावर गढूळ पाणी आलं की आपण म्हणतो, वर गंगापूर धरणाकडे पाऊस झालाय. स्प्रिंगच्या लॉगमध्ये उलटं असतं, मूळ तळाशी. 'अनसॅटिस्फाइड डिपेन्डन्सी'ची (क्लासला लागणारा दुसरा भाग मिळाला नाही) लांबलचक साखळी सोड, शेवटचं 'कॉज्ड बाय' (मूळ कारण) गाठ.

तिथे 'नो सच बीन' दिसलं (बीन म्हणजे स्प्रिंग स्वतः बनवून सांभाळतं ते ऑब्जेक्ट), तर आधी पॅकेज, म्हणजे क्लास ठेवलेलं फोल्डर, तपास. ॲप जिथून सुरू होतं तो मेन क्लास ज्या पॅकेजमध्ये आहे, तिथून खालीच स्प्रिंग बूट शोधतं. तुझी सर्व्हिस शेजारच्या पॅकेजमध्ये बसलीय. तिच्यावर कितीही ॲनोटेशन (@ लावलेली खूण) लाव, सापडणार नाही. याच पायी माझा एक अख्खा रविवार गेला, मिसळसुद्धा राहिली.

एकाच इंटरफेसचे दोन बीन? 'प्रायमरी' (हेच आधी घे) किंवा 'क्वालिफायर' (नावाने निवड) लाव, विषय संपला.

'अ'ला 'ब' हवा नि 'ब'ला 'अ', असं चक्र असेल तर स्प्रिंग बूट २.६ पासून सरळ नकार देतं. सेटिंग बदलून ते चालवता येतं, 'लेझी' (गरज पडेल तेव्हाच बनव) लावूनही भागतं; पण तू ती सवय लावून घेऊ नकोस. दोघांना लागणारं काम तिसऱ्या क्लासमध्ये काढ.

कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड) फील्ड नल, म्हणजे रिकामं येतंय, कारण 'ऑटोवायर्ड' (स्प्रिंगने भरायचं) फील्ड ऑब्जेक्ट बनल्यानंतर भरलं जातं. डिपेन्डन्सी कन्स्ट्रक्टरमधूनच घे.

ऑटो-कॉन्फिगरेशनचं (स्प्रिंग बूट स्वतःहून जोडतं ते) बीन गुपचूप गायब असेल, तर ॲप डीबग फ्लॅग (--debug) देऊन चालव. कुठली अट जुळली नाही ते छापून येतं. तो रिपोर्ट घेऊन संध्याकाळी ये, बसून बघू.