पंधरा म्हणजे पंधरा

प्रिय बाळा,

सप्रेम सलाम.

रात्री दोनला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी बसस्टॉपवर वाचला. ‘मावशी, आज रात्रनिवाऱ्याच्या दारातून एका बेघर माणसाला परत पाठवलं. बाहेर २ डिग्री होतं. मग आपण स्वतःला चर्च कशाला म्हणवतो?’ वर येशूच्या जन्माच्या वेळी मरीयेला उतारशाळेत जागा नव्हती याची आठवणही करून दिलीस. मला! नगरला संडे स्कूलच्या नाताळच्या नाटकात तीन वर्षं उतारशाळेचा मालक मीच व्हायची. मुलगे कमी पडायचे.

परत पाठवलंस ते बरोबर केलंस. पंधरा म्हणजे पंधरा.

हा आकडा कुणा कंजुषाने काढलेला नाही. हॉलला बाहेर पडायची दारं दोन, रात्रपाळीला जागे स्वयंसेवक दोन, विमा कंपनीला आणि अग्निशमन दलाला कळवलेले झोपणारे पंधरा. व्हॅनमध्ये पिशव्याही पंधरा. सोमवारी मेथडिस्ट, मंगळवारी कॅथलिक, बुधवारी बॅप्टिस्ट, असा हा निवारा सात रात्री सात चर्चेसमध्ये फिरतो, जानेवारी ते मार्च. पाहुण्याला रोज नवं छत, पण पांघरूण त्याचंच, त्याच्या नंबराच्या पिशवीत, त्याच्या आधी पोचलेलं. ‘आज रात्री माझी जागा आहे’ हे रस्त्यावरच्या माणसाला दुपारी चारलाच ठाऊक असणं म्हणजे काय, ते तुला अजून कळायचंय. कसं कळणार? तू दुपारी चारला लायब्ररीत असतेस.

मी एकदा सोळावा घेतला होता.

२०१४ चा फेब्रुवारी. धो धो पाऊस. गडी नखशिखांत भिजलेला, थोडी घेतलेला, बोलायला गोड. माझ्याच्याने नाही म्हणवेना. स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्च्यांच्या उशा टाकून त्याची सोय केली आणि स्वतःवर भलती खूश झाले. पावणेतीनला त्याने दिवे लावले आणि दुसऱ्या कुणाचे तरी बूट स्वतःचे म्हणून घालायला लागला. भांडण झालं, मग दोन कप चहावर मिटलंही. पण सकाळी पाहिलं तर सात नंबरची गादी रिकामी.

सात नंबर म्हणजे पन्नाशीचा अबोल माणूस. सहा आठवडे आमच्याकडे होता. बूट उशाखाली घेऊन झोपायचा. त्याच आठवड्यात पहिल्यांदा त्याने ते गादीशेजारी ठेवले होते, शेजारीशेजारी, नीट. भांडणात तो एक शब्द बोलला नाही. आवाज चढला तसा उठला, पांघरुणाची घडी घातली आणि बाहेर पडला. पुन्हा आला नाही. उदारपणा माझा, किंमत त्याची.

आता तू येशूने पाच हजारांना पुरवलेल्या पाच भाकरी आणि दोन मासे काढशील. अगं, जेवण वाढतं. आमटीत पाणी घालता येतं. फायर एक्झिट वाढत नाही.

पण एक विचारते. नाही म्हणून तू दार लावून आत आलीस, की पायरीवर उतरलीस? मेसेजवरून वाटतं, काचेतूनच बोललीस. तिथे मात्र चुकलीस, आणि त्याबद्दल तुला झोप लागली नसेल तर ठीकच आहे. कोट घालायचा, बाहेर जायचं, थर्मासमधला चहा द्यायचा, आज कुठे पडणार ते विचारायचं, ते ठिकाण स्ट्रीटलिंक या बेघरांची खबर द्यायच्या वेबसाइटवर टाकायचं, म्हणजे रस्त्यावर फिरणारी टीम त्याला शोधू शकते. उद्या कुणाकडून चिठ्ठी आणायची तेही सांगायचं. रात्रीचा अंदाज शून्यावर आला की लंडनमधल्या कौन्सिली थंडीच्या आणीबाणीच्या खाटा उघडतात. २ डिग्रीला बहुधा नाही. त्या दोन डिग्र्यांचा राग मलाही येतो, पण तो कौन्सिलच्या बैठकीत काढ. माझ्यावर कशाला?

आणि राग काढायला तिथे जागा भरपूर आहे. २०२० च्या मार्चमध्ये करोना आला, ‘एव्हरीवन इन’, सगळ्या बेघरांना आत घ्या, असा सरकारी निरोप सुटला, आमचे हॉल बंद झाले आणि वर्षानुवर्षं नसलेल्या खोल्या काही दिवसांत हॉटेलांत सापडल्या! मी चिडून दोन दिवस जेवले नाही. म्हणजे उतारशाळेत जागा होती. आपल्या पंधराचे सोळा केले की सरकारचंच फावतं, हे तुझ्या पिढीला कळत नाही.

तुझ्या व्हिसाची अट एकदा वाच. ‘नो पब्लिक फंड्स.’ आपल्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांच्या कागदावर तीच ओळ असते. नोकरी गेली, खोली गेली, आणि कौन्सिलकडे घर मागायची सोय नाही. एखाद्याच्या आणि तुझ्यामध्ये फरक एवढाच की तुझे वडील अजून पैसे पाठवताहेत.

माझी सून म्हणते, आई कठोर झाल्या. पाळकसाहेब एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, स्वर्गाच्या दारात पेत्राच्या जागी मावशींना बसवायला नको बरं का. मंडळी हसली. मी ट्रे घेऊन आत गेले. अकरा हिवाळे ते दार सांभाळलंय. कुणाला परत पाठवलं ते सगळे आठवतात, एकाची लाल लोकरी टोपीसुद्धा. आठवतात म्हणून आकडा चुकला असं होत नाही. नाही ना? पंधरा म्हणजे पंधरा. मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन, आणि एलिफंट अँड कासलच्या रस्त्याने जाताना प्रत्येक झोपलेल्या माणसाचे बूट का बघते, ते मात्र सांगणार नाही.

सोडून द्यायचं म्हणतेस. या मोसमाचे सहा आठवडे राहिलेत, तेवढे संपव, मग बोलू.

बुधवारी साडेसहाला ये, सातला नको. सातला दार उघडतं, तेव्हा तू आत हवीस. मसूर मी भिजवून आणते, कांदे तू चिर. आणि येताना जाड सुई-दोरा आण. सात नंबरच्या पिशवीची चेन पुन्हा तुटली आहे. सध्या ती एका विशीतल्या पोराकडे असते, आणि त्याचं सामान व्हॅनभर सांडतं.

तुझी,
मावशी