कित्तूरचा 'वाडा' की 'वाडे'?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या एका वाचकांनी विचारलंय : "कित्तूरच्या किल्ल्यात वाडा एकच. पण तिथली कन्नड माणसं 'वाडे' म्हणतात. हे अनेकवचन का? आणि शब्द मुळात आपला की कन्नडचा?"

हे अनेकवचन नाहीच. आपल्याकडचा किंवा संस्कृतातला आकारान्त शब्द कन्नडात गेला की बहुतेक वेळा एकारान्त होतो. भाषा – भाषे, कथा – कथे, जिल्हा – जिल्ले, दवाखाना – दवाखाने. त्याच चालीवर वाड्याचा 'वाडे' झाला. आपल्या कानाला तो अनेकवचनासारखा लागतो, एवढंच. कन्नडच्या उत्तरेकडच्या बोलीत हा शेवटचा 'ए' आणखी चपटा होऊन 'इ' होतो : मने (घर) – मनि, शाले – सालि. आपल्या भागातलं 'दोड्डमनी' हे आडनाव असंच, अर्थ 'थोरलं घर'.

आता मूळ. संस्कृतात 'वाट' म्हणजे कुंपण, कुंपणाने घेरलेली जागा. (आपण चालतो ती वाट वेगळी, ती 'वर्त्मन्'पासून आली.) या कुंपणातून वाडा आला, वाडी आली, आणि कुरुंदवाडातला 'वाड'ही. खानापूरच्या रानात गवळीवाडा म्हणतात तिथे तर जुना अर्थ जिवंत आहे : माणसं आणि जनावरं मिळून घेर. कन्नडातही 'वाड' हा गाव, वस्ती या अर्थाने जुनाच. पण 'मोठ्या असामीचं राहतं घर' या अर्थाचा 'वाडे' मराठीतून गेला, असं माझं मत. नुसता मोठा महाल म्हणायचा तर कन्नडाकडे 'अरमने' होतंच. 'वाडे' मात्र देसाई, देशमुख, इनामदार यांच्या कारभाराबरोबर आला.

म्हणूनच दुमजली, सागवानी तुळयांचं घरही आपले लोक चटकन वाडा म्हणत नाहीत. भिंतीचा घेर हवा, दिंडी (आतलं छोटं दार) असलेला मोठा दरवाजा हवा, आत पहारेकऱ्यांची देवडी, मग चौक आणि चौकाभोवती सोपे, म्हणजे ओसऱ्या. देवडी ओलांडल्याशिवाय मालकाचं तोंड दिसायचं नाही. इमारत कितीही देखणी असो, हे अडवणं नसेल तर ते घरच.

मालक बदलले तरी शब्द टिकला. निपाणीचे सिद्धोजीराव नाईक-निंबाळकर मराठी सरदार, सरलष्कर. कित्तूरचे देसाई लिंगायत, त्यांचा कारभार कन्नड मुलखातला. दोघांच्याही घराला एकच नाव. १८२४ च्या ऑक्टोबरात चेन्नम्मा राणीच्या सैन्याशी लढताना धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, डिसेंबरात किल्ला पडला आणि संस्थान इंग्रजांनी घेतलं. आज तिथे पडक्या भिंती उभ्या आहेत, तरी त्या जागेला 'वाडे'च म्हणतात. बाकीच्या देसायांची देसगत, म्हणजे देसाईपणाचं वतन, मुंबई राज्याच्या १९५० च्या परगणे व कुलकर्णी वतने रद्द करणाऱ्या कायद्याने गेली. तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं.

एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. राहणारा माणूस 'वाड्यात' राहतो, पण गावकरी 'वाड्यावर' जातो. 'वाड्यावर बोलावलंय' असं म्हटलं की चहाचं बोलावणं नसतं. कज्जा, जमिनीचा खंड, वसुली, काहीतरी असतं. 'चावडीवर' जसं, तसंच हे. हा '-वर' वास्तूचा नाही, अधिकाराचा. वतनं जाऊन सत्तर वर्षं उलटली तरी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी 'वाड्यावर'च ऐकू येतं. मालकाच्या सत्तेचा इतका नेमका पुरावा मला कागदापेक्षा या प्रत्ययात दिसतो.

तेव्हा मराठीत लिहिताना 'कित्तूरचा वाडा' असंच लिहावं. कुणा कन्नड माणसाचं बोलणं जसंच्या तसं देत असाल तर 'वाडे' ठेवा, पण क्रियापद एकवचनी : 'वाडे पडलं', 'वाडे पडले' नव्हे.