म्युनिक की फ्रँकफर्ट? ट्रेकचं वेड असेल तर

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: हातात दोन ऑफर आहेत, एक फ्रँकफर्टची आणि एक म्युनिकची. म्युनिकला पगार किंचित जास्त, पण तो फरक घरभाडं गिळून टाकणार. तुम्ही दोघंही सह्याद्रीत मनसोक्त भटकलेले, मुलगी तीन वर्षांची, आणि गाडी इतक्यात घ्यायची नाही. मग निव्वळ आल्प्स जवळ आहेत म्हणून म्युनिक धरावं का?

धरा. पैशाचं गणित मांडलंत तर फ्रँकफर्ट सरस ठरेल, त्यात वाद नाही. जर्मनीतल्या मोठ्या शहरांत म्युनिकचं भाडं सगळ्यात चढं आहे. चार पैसे शिल्लक टाकणं हाच मुख्य हेतू असेल तर इथेच थांबा आणि फ्रँकफर्टला होकार कळवा. तिथेही टाउनुसचे डोंगर आहेत, जंगलातल्या सुंदर वाटा आहेत, फक्त त्यातलं सर्वांत उंच शिखर ८८० मीटरच्या आसपास. आल्प्स गाठायचा तर आधी तीन-साडेतीन तास रेल्वेने म्युनिकलाच यावं लागतं.

पण म्युनिकला आलं की डोंगर आपोआप घडतात असंही नाही. वर्षानुवर्षं इथे राहून आल्प्स फक्त पाहुणे आले की बघणारे आपले लोक खूप आहेत. केबल कारने त्सुगश्पित्सेवर, म्हणजे जर्मनीतल्या सर्वांत उंच शिखरावर, जायचं, फोटो काढायचे, उतरायचं. ते आळशी नाहीत. त्यांचा आठवडाच असा बेतलेला असतो की शनिवार-रविवार घरकामातच संपतात. म्हणून घर आणि सुट्टी या दोन गोष्टी आधीच जुळवून घ्या.

घराचं आधी सांगते, कारण तिथे सगळे ऑफिसपासूनचं अंतर बघतात. तुम्ही सकाळच्या डोंगराच्या गाडीचं स्टेशन बघा. म्युनिकहून दक्षिणेला जाणाऱ्या गाड्या मुख्य स्टेशनातून सुटतात, पण शहरात आणखी एक-दोन ठिकाणी थांबतात. टेगर्नझे, श्लीरझे, लेंगग्रीस या बाजूची गाडी डोनर्सबर्गरब्र्यूके आणि हारासला थांबते. गार्मिश, मिटनवाल्ड आणि कोखेलकडची पासिंगला, रोझेनहाइम-साल्झबर्गकडची ओस्टबानहोफला. यांपैकी एखाद्या स्टेशनला चालत जाता येईल असं घर मिळालं तर झोपाळू मुलीला घेऊन सकाळी दोन गाड्या बदलाव्या लागत नाहीत. हा अर्ध्या-पाऊण तासाचा फरक आहे, आणि रविवारी सकाळी जायचं की नाही हे नेमकं तेवढ्यावरच ठरतं. ऑफिसला जायला मेट्रो, एस-बान (इथली लोकल), ट्राम सगळं आहे. तिथे दहा मिनिटं जास्त लागली तरी बिघडत नाही.

टेगर्नझेच्या गाडीची एक गंमत आधीच माहीत असू द्या. गाडी एकच सुटते, पण होल्त्सकिर्शनला तिचा एक भाग तुटून बायरिशझेलकडे जातो आणि उरलेली गाडी पुढे शाफ्टलाखला पुन्हा तुटते: अर्धी लेंगग्रीसला, अर्धी टेगर्नझेला. डब्यावरची पाटी न बघता रिकामी सीट दिसली म्हणून बसलात तर भलत्याच खोऱ्यात उतरता. दर रविवारी डब्यात कोणीतरी गडबडून उठतंच, आणि मग अख्खा डबा त्याला सल्ले देतो. बवेरियन माणूस एरवी गप्प असतो, अशा वेळी मोकळा होतो.

तिकिटाची चिंता नको. डॉइचलांडटिकेट घ्या, २०२६ पासून महिन्याला ६३ युरो. त्यात शहरातली सगळी वाहनं आणि देशभरातल्या रीजनल गाड्या येतात, आयसीईसारख्या जलद गाड्या नाहीत. डोंगराच्या बहुतेक गाड्या रीजनलच आहेत, त्यामुळे ऑफिसच्या पासावरच आल्प्स होतो. सीमेपलीकडच्या, म्हणजे ऑस्ट्रियातल्या, साल्झबर्ग आणि कुफश्टाइन स्टेशनांपर्यंतही हेच तिकीट चालतं. मुलगी सहा वर्षांची होईपर्यंत फुकट. मात्र त्या बाजूला जाताना पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड दोन्ही खिशात असू द्या; ऑस्ट्रियाच्या सीमेवर जर्मनीने २०१५ पासून तपासणी ठेवली आहे आणि परतीच्या गाडीत पोलीस चढतात.

गाडी न घेण्याचा विचार योग्यच आहे. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा इथे द्याव्या लागतात, आणि ते प्रकरण स्वस्त नाही. अडलं तर त्या सहा महिन्यांत भाड्याने गाडी घेऊन आडबाजूच्या जागा बघून घ्या.

आता सुट्टी. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने वर्षाला किमान २० दिवस भरपगारी रजा मिळते, पण ऑफिसातल्या नोकऱ्यांत २८-३० दिवस सर्रास देतात. तुमच्या ऑफरमध्ये पंचविसाच्या आसपास आकडा असेल तर पगार वाढवून मागण्याऐवजी रजा वाढवून मागा. पगारवाढीतला मोठा वाटा कर आणि विमा खातात, वाढलेला दिवस पूर्ण तुमचा. पहिले सहा महिने प्रोबेशन, आणि त्या काळात रजा महिन्यागणिक थोडी थोडी जमा होते, तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात तीन आठवड्यांचा बेत आखू नका.

सार्वजनिक सुट्ट्या म्युनिकला १३, फ्रँकफर्टला १०. शनिवार-रविवारी आली तर सुट्टी बुडाली, बदली मिळत नाही. पण मे-जूनमध्ये येणाऱ्या ख्रिस्ती हिमेलफार्ट आणि फ्रोनलाइखनाम या दोन सुट्ट्या दर वर्षी गुरुवारीच असतात. मधल्या शुक्रवारची रजा टाकली की सलग चार दिवस. फ्रँकफर्टलाही या दोन्ही आहेत, पण तिथल्या माणसाचे त्यातले जाण्यायेण्यातच दीड दिवस जातात. या शुक्रवारांवर सगळ्यांचा डोळा असतो, म्हणून जानेवारीतच साहेबाच्या कानावर घालून ठेवा.

शनिवार-रविवारचा मोठा शत्रू म्हणजे किराणा. इथे दुकानं संध्याकाळी आठला बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत, स्टेशनातली काही सोडली तर. नवीन माणसाचा शनिवार त्यामुळे खरेदीत जातो, रविवारी पाऊस लागतो आणि आठवडा संपतो. आमच्या घरी खरेदी गुरुवारीच उरकतात. मग शनिवार आणि रविवार यांतला जो दिवस पावसाचा नसेल तो डोंगराला. हवामान शुक्रवारी रात्री बघून ठरवायचं; महिनाभर आधी आखलेले ट्रेक इथे पावसात वाहून जातात.

डोंगर कितपत जमेल, असंही तुम्ही विचारलंय. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलेल्या माणसाला इथल्या साध्या वाटा जड जाणार नाहीत. पिवळ्या पाट्या आणि दगडांवरचे रंगाचे पट्टे यांमुळे चुकायलाही फारसं होत नाही. पाटीवर निळा ठिपका म्हणजे सोपी वाट, लाल म्हणजे मध्यम, काळा म्हणजे अवघड. काळ्या वाटेवर पाय घसरला तर परत येणं नाही, असे तुकडे असतात. मुलीला घेऊन तिकडे फिरकू नका. पाटीवर किलोमीटर क्वचितच, बहुधा तास लिहिलेले असतात. त्याचा हिशोब असा: चढाला तासाला ३०० मीटर, उताराला ५००, सपाटीला तासाला चार किलोमीटर. चढ-उताराचा वेळ आणि अंतराचा वेळ वेगवेगळा काढायचा आणि मोठ्या आकड्यात लहानाचा निम्मा मिळवायचा. समजा ९०० मीटर चढ आणि सहा किलोमीटर वाट आहे. चढाचे तीन तास, अंतराचा दीड तास, म्हणजे पावणेचार तास. यात विश्रांती धरलेली नाही, आणि तीन वर्षांचं मूल तर अजिबातच नाही. पाठीवर बसवायची कॅरियर असली तरी तिला मध्ये मध्ये उतरून प्रत्येक गाईला नाव द्यायचं असतं.

सह्याद्रीत न भेटणाऱ्या दोन गोष्टी मात्र इथे आहेत. एक, जुना बर्फ. जूनमध्ये खाली फुलं असतात आणि वर उत्तरेच्या घळींमध्ये कडक बर्फाचे पट्टे उरलेले असतात. दिसायला चार पावलांचे, पण घसरलात तर थेट खाली. तिथून निमूट मागे फिरायचं. दुसरी, उन्हाळ्यातली दुपारची वादळं. सकाळी निरभ्र आणि तीन वाजता कड्यावर विजा, हे जुलै-ऑगस्टचं रोजचं आहे, म्हणून लवकर निघून जेवणाच्या वेळेपर्यंत माथ्यावरून खाली यायचं. हिवाळ्यातल्या हिमस्खलनाचं इशारापत्रक रोज निघतं, एक ते पाच पातळ्यांचं; ते वाचायला शिकेपर्यंत बर्फातल्या चढणी नकोत. तोवर घसरगाड्या आणि खोऱ्यातले सपाट रस्ते आहेतच. डिसेंबरात सूर्य साडेचारच्या आत मावळतो, तेव्हा लांबचा बेत तसाही होत नाही.

आल्यावर पहिल्या महिन्यातच डॉइचर आल्पेनफेराइनचे, म्हणजे जर्मन गिर्यारोहण संघाचे, सभासद व्हा. ही संस्था १८६९ मध्ये म्युनिकमध्येच स्थापन झाली, आणि तिच्या डोंगरातल्या तीनशेहून जास्त झोपड्यांमध्ये सभासदांना मुक्कामाला सवलत मिळते. झोपडी म्हणजे चांगली दगडी घरं: गरम जेवण, बंक, रात्री दहाला दिवे बंद. बूट दाराशी काढायचे, आतली पातळ झोपायची पिशवी आपली न्यायची, थोडी रोकड जवळ ठेवायची. अंडं चालणाऱ्या शाकाहारी माणसाला केझश्पेट्सले (चीज घातलेले नूडल्स) आणि कैझरश्मारन (गोड पॅनकेकचे तुकडे) यांवर सहज राहता येतं. सभासदत्वातच डोंगरातल्या शोध-बचावाचा २५,००० युरोपर्यंतचा विमा येतो, आणि हेलिकॉप्टर बोलवायची वेळ आली तर त्याची किंमत कळते. मदतीचा नंबर ११२. रेंज नसेल तर मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्च, मग एक मिनिट थांबून पुन्हा.

कागदपत्रांचं फार लिहीत नाही, ती कंपनी बघेल. ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणारा वास्तव्याचा परवाना) मिळालं तर जोडीदाराला जर्मनची परीक्षा न देता येता येतं आणि लगेच नोकरीही करता येते. तुम्ही मात्र जर्मन शिका: बी१ (मध्यम) पातळी असेल तर कायमच्या वास्तव्याचा परवाना २१ महिन्यांनी, ए१ वर (अगदी प्राथमिक) २७ महिन्यांनी मिळू शकतो. मुलीच्या बालवाडीचा अर्ज शहराच्या किटा फाइंडर प्लस या पोर्टलवर पत्ता नोंदवला की त्याच आठवड्यात टाका. जागांची इथे मारामार आहे, आणि बालवाडी मिळेपर्यंत तुमच्यापैकी एकजण घरी अडकलेला असेल हे धरून चला.

शेवटचं, रुजू व्हायची तारीख. त्यांनी नोव्हेंबर म्हटलं तर एप्रिल मागून बघा, निदान मार्च तरी. नोव्हेंबरात आलात तर घर शोधणं, अंधार आणि थंडी एकदम अंगावर येतात आणि डोंगराचं तोंड वसंतापर्यंत दिसत नाही. एप्रिलमध्ये घर लागेपर्यंत खालच्या वाटा मोकळ्या होतात. सामानात प्रेशर कुकर आणा. ट्रेकचे बूट तिकडून आणू नका. इथे येऊन, घालून बघून, घोट्याच्या वर येणारे घ्या.