रात्री साडेदहानंतरची धाव

सकाळची शिफ्ट, लांबचा प्रवास, मुलांचे डबे. धावायला वेळ मिळतो तो रात्रीच. अशा वाचकांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. ‘रात्री एकट्यानं धावूच नका’ असं सांगून मोकळं होता येतं, पण त्यांनी विचारलंय ते वेगळंच.

प्रश्न : हिंजवडीहून घरी पोचायला दहा वाजतात. त्यानंतर पाच किलोमीटर धावून यावंसं वाटतं. सासूबाईंचा जीव खालीवर होतो, नवरा म्हणतो ट्रेडमिल घे. मी एकटीनं जावं का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : जा, पण पाच किलोमीटरची लांबलचक वाट धरू नका. सव्वा किलोमीटरचं रिंगण आखा आणि ते चार वेळा घ्या. रिंगण घरावरून जात असेल तर तुम्ही कधीही घरापासून सहा-सातशे मीटरच्या आतच असता. शिवाय पहिल्याच फेरीत रस्त्याची तपासणी होते : कुठला दिवा गेलाय, कुठे चौघं गाडी लावून बसलेत, कुठे खड्डा खणून ठेवलाय. दुसऱ्या फेरीत काही बदललं असेल तर ते लगेच डोळ्यांत भरतं. सरळ वाटेवर प्रत्येक वळण नवं असतं.

रिंगणावर रात्रभर माणसांचा वावर असलेल्या निदान दोन जागा हव्यात : चोवीस तास उघडं मेडिकल, हॉस्पिटलचं फाटक, पेट्रोल पंप किंवा जागा राहणारा वॉचमन असलेली सोसायटी. वाट आधी दिवसा चालून बघा. मग कुणाला तरी मागे बसवून रात्री साडेदहाला दुचाकीवरून पुन्हा बघा. ही दुसरी फेरी बरेच जण टाळतात आणि तिथेच फसतात. संध्याकाळी गजबजलेला रस्ता शटर पडल्यावर ओस होतो, झाडांच्या फांद्यांनी दिवे झाकलेले असतात, बारमधली गर्दी नेमकी त्याच वेळी बाहेर पडत असते.

व्हॉट्सअॅपचं लाइव्ह लोकेशन 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तास असं पाठवता येतं. एक तासाचं पाठवा. मात्र नकाशावरचा ठिपका नुसता सरकत राहून उपयोग नाही, तो बघणाऱ्याला काय करायचं ते आधी ठाऊक हवं. ‘सव्वाअकरापर्यंत आले नाही तर फोन करायचा, दोनदा उचलला नाही तर ह्यांना रिंगणावर पाठवायचं’ इतकं स्पष्ट ठरवा. आणि हे काम सासूबाईंकडेच द्या. हातात काम आलं की काळजी जराशी निवते.

आणीबाणीचा क्रमांक 112. बऱ्याच स्मार्टफोनवर पॉवरचं बटण पटापट तीनदा दाबलं की हा कॉल लागतो, बटणांच्या साध्या फोनवर 5 किंवा 9 दाबून धरायचं. तुमच्या फोनवर नेमकं काय चालतं ते सेटिंगमध्ये घरी बसून बघून ठेवा. पत्ता सांगताना जवळच्या दुकानाची पाटी किंवा विजेच्या खांबावरचा क्रमांक सांगितला तर गाडी लवकर पोचते.

कुणी गाडी हळू करून मागे येतंय असं वाटलं तर उलट दिशेला वळा. तुम्ही जागच्या जागी फिरू शकता, गाडीला रस्ता शोधावा लागतो. तिथून थेट घराकडे मात्र जाऊ नका, माणसं असतील तिकडे जा. धावण्याच्या अॅपमध्ये सुरुवात आणि शेवट लपवण्याची सोय असते, ती चालू करा आणि आजची धाव घरी पोचल्यावरच टाका. रोज तीच वेळ, तीच दिशा ठेवू नका, पंधरा-वीस मिनिटं मागंपुढं करत राहा. नवऱ्याच्या ट्रेडमिलला धो-धो पावसाच्या रात्री आमचीही हरकत नाही.

प्रश्न : पोलीस भरतीची तयारी करतोय. दिवसभर दुकानात असतो, रात्री दहानंतर राज्य महामार्गावर धावतो. पांढरा टी-शर्ट घालतो, तेवढं पुरे का?
– एक वाचक, केज, जि. बीड

उत्तर : पुरे नाही, आणि वेगाचा सराव महामार्गावर तर मुळीच नको. हिशेब करून बघा. ताशी 60 किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला साधारण 17 मीटर जाते. ड्रायव्हरला तुम्ही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीडेक सेकंद जातो, म्हणजे 25 मीटर. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीसेक मीटर. एकूण 45. गडद कपड्यांतला माणूस डिप्परच्या उजेडात बहुतेकदा त्याहून जवळ आल्यावरच दिसतो. पांढऱ्या कपड्यानं थोडा फरक पडतो, पण समोरून दुसऱ्या गाडीचा अप्पर डोळ्यांवर आला की तोही संपतो. पोपटी, केशरी असे झगझगीत रंग सूर्यप्रकाशात चमकतात, रात्री त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य.

उपयोगी पडते ती रिफ्लेक्टर पट्टी, म्हणजे आलेला उजेड आल्या वाटेनं परत फेकणारी. ती छातीवर लावण्याआधी घोट्यांवर, बुटांच्या टाचांवर आणि मनगटांवर लावा. छातीवरची पट्टी दुरून पाटीसारखी किंवा उभ्या ट्रॉलीच्या रिफ्लेक्टरसारखी दिसते. वरखाली हलणारे दोन घोटे दिसले की ड्रायव्हरला ‘हा माणूस’ असं क्षणात कळतं. पाठीवर सायकलचा लाल लुकलुकणारा दिवा अडकवा. पुढचा टॉर्च कपाळापेक्षा कमरेला बांधलेला बरा. कपाळावरचा उजेड डोळ्यांच्या रेषेतून जातो, त्यामुळे खड्ड्याची सावली दिसत नाही आणि रस्ता सपाट भासतो. कमरेवरून उजेड तिरपा पडतो आणि प्रत्येक खड्ड्याला सावली येते. डोळ्यांवर अप्पर आला तर दिव्याकडे न बघता रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर नजर ठेवा आणि चालायला लागा. गाडी गेल्यावरही काही सेकंद धड दिसत नाही.

धावायचं उजव्या कडेनं, येणाऱ्या गाड्यांना सामोरं. मात्र आपल्याकडे राँग साइडनं, विनादिव्याची दुचाकी मागूनही येते, म्हणून कानात काही घालू नका. आंधळ्या वळणावर आतल्या बाजूला राहू नका. दोन्हीकडे बघून बाहेरच्या कडेला जा आणि वळण संपलं की परत या. गाळपाचा हंगाम सुरू झाला की नोव्हेंबरपासून उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागे दिवा नसलेल्या आणि बाजूंनी ऊस हातभर बाहेर आलेला. अशा वेळी डांबर सोडून पूर्ण खाली उतरा. साइडपट्टी खचलेली असेल तर थांबा, शर्यत नाही ती.

1600 मीटरचा सराव शाळेच्या मैदानावर करा. टेपनं 200 मीटरची फेरी मोजून चुन्याची खूण करा, आठ फेऱ्या झाल्या की 1600. वेळही खरी कळते. रस्त्यावर चढउतार असतात आणि किलोमीटरच्या दगडांतलं अंतर नेमकं असतंच असं नाही. रस्ता फक्त सावकाश, लांब पल्ल्यासाठी ठेवा, आणि तोही गावातला, दिव्यांचा.

प्रश्न : एका कोपऱ्यावर पाच-सहा कुत्री अंगावर येतात. काठी घेऊन धावू का?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : काठीनं हात अडकतो आणि काही कुत्री तिला बघूनच चवताळतात. रस्ता शांत झाला की कोपरा त्यांचा होतो, आणि पळणारी वस्तू दिसली की पाठलाग सुरू. म्हणून कोपरा यायच्या तीसेक मीटर आधी धावणं थांबवून चालायला लागा. डोळ्यांत बघू नका, अंग थोडं तिरपं ठेवा, हात शरीराजवळ. जवळ आलीच तर थांबून खालच्या आवाजात ‘हड्’ म्हणा आणि दगड उचलायला वाकल्यासारखं करा. आपल्याकडची बहुतेक कुत्री तेवढ्यानं मागे सरकतात. खरोखर दगड मारलात तर मात्र उद्यापासून तुम्ही त्यांच्या यादीत. पाठ फिरवून पळणं ही सगळ्यांत मोठी चूक. खाली पडलात तर गुडघे पोटाशी घ्या, मान आणि कान हातांनी झाका. पिल्लं असलेल्या कुत्रीपुढे यांतलं काहीच चालत नाही, महिनाभर तो कोपरा सोडा.

चावलं किंवा दात लागून रक्त आलं, तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण 15 मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, तिखट, चुना काही भरू नका, घट्ट पट्टी बांधू नका. सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखान्यात जा. लस दंडाच्या स्नायूत देत असतील तर 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी, कातडीत देत असतील तर 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. रक्त आलेल्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते आपणहून विचारा. ‘कुत्रं दहा दिवस बघू’ म्हणत पहिला डोस लांबवू नका.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात रस्त्यावर साप असतात. रात्री धावणं बंदच करावं का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : जून ते ऑक्टोबर गवताच्या कडेनं धावणं बंद करा. गाडी नसेल तेव्हा रस्त्याच्या मधून, कमरेच्या टॉर्चच्या उजेडात धावा. पालापाचोळ्यावर, काळ्या पट्ट्यासारख्या दिसणाऱ्या कशावरही पाय टाकू नका. चप्पल नको, पूर्ण बूट. तुमच्या कातळावर फुरसं पुष्कळ, ते लहान आणि मातीच्या रंगाचं असतं. मण्यार रात्रीची फिरते आणि तिचा चावा अनेकदा दुखतही नाही, म्हणून ‘काहीतरी टोचलं असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

चावा झाला असं वाटलं की जागीच बसा. धावत घरी गेलात तर विष लवकर पसरतं. बूट, पैंजण, अंगठी काढा, पाय मोडल्यावर ठेवतात तसा न हलवता ठेवा आणि 108 ला फोन करा. चिरा मारणं, चोखणं, आवळपट्टी, मांत्रिक, काही नको. साप पकडायला कुणाला पाठवू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं. निघतानाच फोन करून ते उपलब्ध असलेल्या रुग्णालयाची खात्री करून घ्या.

प्रश्न : वय 52. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतो. जेवणानंतर रात्री धावतो आणि पहाटे तीनला घामाघूम होऊन जाग येते.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : हे पत्र आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा. व्यायामानं स्नायू साखर ओढत राहतात आणि ते काम थांबल्यावरही कित्येक तास चालू असतं. त्यावर ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनचा जोर असेल तर साखर पहाटे खाली जाते. गोळीची मात्रा किंवा वेळ बदलायची ती डॉक्टरांनीच.

तोवर धावण्याआधी, धावून आल्यावर आणि झोपण्याआधी साखर मोजा. आधी 100 च्या खाली असेल तर 15 ते 20 ग्रॅम कर्बोदकं घेऊन मगच निघा, उदाहरणार्थ एक लहान केळं. खिशात तीन सपाट चमचे ग्लुकोज पावडर पुडीत ठेवा, ते साधारण 15 ग्रॅम होतं. हात थरथरले, बोलणं अडखळलं तर थांबा, पुडी तोंडात टाका, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. तरीही 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. पेढा किंवा चॉकलेट या कामाला नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. पहाटे जाग आली की अंदाज न करता मोजा आणि आकडा लिहून ठेवा. ‘मधुमेह, ग्लिमेपिराइड’ असं लिहिलेलं कार्ड आणि घरचा नंबर खिशात असू द्या. एकटे असताना ते तुमच्या वतीनं बोलतं.

प्रश्न : रात्री धावलो की एक वाजेपर्यंत झोप येत नाही. जेवण कधी घ्यावं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जोरात धावणं झोपेच्या निदान तासभर आधी संपलेलं हवं, दोन तास असतील तर उत्तम. अंग तापलेलं असतं आणि ते उतरल्याशिवाय झोप लागत नाही. म्हणून रात्री बोलत बोलत धावता येईल असाच वेग ठेवा, वेगाचा सराव रविवारी सकाळी. भरपेट जेवून दोन-तीन तासांच्या आत निघू नका. ऑफिसमधून निघताना केळं किंवा मूठभर चणे-गूळ, धावून आल्यावर दहीभात किंवा मुगाची खिचडी, असं वाटून घ्या. संध्याकाळचा सहाचा चहा तपासा. त्यातलं कॅफिन निम्मं व्हायलाच पाचेक तास लागतात.

डिसेंबर-जानेवारीत आणखी एक बघा. थंडीत जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होऊन खालीच अडकते आणि धूर तिच्यात कोंडतो. त्या दिवसांत निघण्याआधी ‘समीर’ अॅपवर हवेचा आकडा बघा. 200 च्या वर असेल तर घरातच दोरीवरच्या उड्या मारा, खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून.